कार्ड बदलू की थांबू?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पेशंट काय विचारेल याचा नेम नसतो. मधुमेहात आंबा चालेल का, गुडघ्याला कोणतं तेल लावू, हे नेहमीचे प्रश्न. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही म्हणून आलेली पंचविशी-तिशीतली मुलं तपासणी संपता संपता हळूच विचारतात, “मॅडम, माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. त्यामुळे होत असेल का हे? नवीन घेऊ का?” कधी हा प्रश्न सोबत आलेली आई विचारते, कारण पैसे तिच्या भिशीतून जाणार असतात.

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. मध्यम दर्जाचं नवं कार्ड आज तीस-पस्तीस हजारांच्या घरात जातं. कित्येक घरांत तो महिन्याचा पगार असतो. शिवाय मी दिंडोशीत राहते. आमच्या डोंगरापलीकडे दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, १९७७ पासून. तिच्या आसपास मालिकांचं संकलन, टायटल, व्हीएफएक्स, जाहिरातींचं अॅनिमेशन यांवर पोट असणारी कितीतरी घरं आहेत. म्हाडाच्या इमारतीत, नागरी निवाऱ्यात, कुरारच्या चाळीत रात्री दोन वाजता एखाद्या खिडकीत निळसर उजेड दिसला, तर तिथे खेळ चालू असेल असं समजू नका. सकाळी चॅनेलला द्यायचा एपिसोड असू शकतो. अशा घरात ग्राफिक्स कार्ड म्हणजे शिंप्याच्या घरचं मशीन.

आधी हे कार्ड करतं काय ते पाहू. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. फोर-के पडदा असेल तर याच्या चौपट. एकेका ठिपक्याचं गणित तसं साधं असतं, पण संख्या अफाट. घरच्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ कोअर असतात. २०१६ साली आलेल्या आणि अजूनही आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या जीटीएक्स १०६० या कार्डाच्या सहा जीबीच्या प्रकारात असे छोटे कोअर १२८० आहेत. गणिताचा एक प्राध्यापक आणि चौथीतली १२८० मुलं, असा फरक समजा. अवघड प्रमेय सोडवायचं तर प्राध्यापकच हवा. पण बारा कोटी बेरजा एका दमात करायच्या असतील तर मुलांचा वर्ग केव्हाच पुढे जातो.

आम्हा डॉक्टरांचा या गणिताशी जुना संबंध आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ते चित्र ८० बाय ८० ठिपक्यांचं होतं. आज एकेक काप ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा असतो आणि एका तपासणीत असे शेकडो काप निघतात. क्ष-किरणांनी गोळा केलेल्या आकड्यांतून प्रत्येक ठिपका पुन्हा उभा करायचा, म्हणजे परत साध्या बेरजांचा डोंगरच. म्हणून आज सीटीच्या अनेक यंत्रांत हे काम ग्राफिक्स चिप करतात. खेळांसाठी बनलेली वस्तू अशी कुठून कुठे जाते. आता तीच चिप एआयच्या डेटा सेंटरनाही हवी आहे, आणि घरगुती ग्राहकाला ती महाग पडण्याचं ते एक कारण आहे.

कार्ड कधी बदलावं, हे मला एका पेशंटच्या निमित्तानं नीट समजलं. वय २९, दिंडोशीचाच. मालिकांची टायटल आणि छोटं व्हीएफएक्सचं काम घरून करतो. तक्रार डोकेदुखीची, पण रक्तदाब मोजला तर १५०/९६. दोन वेगळ्या दिवशी पुन्हा मोजला, तरी तसाच. या वयात इतका रक्तदाब दिसला की आम्ही मूत्रपिंड, थायरॉइड वगैरे तपासतो. ते सगळं ठीक निघालं. मग झोपेबद्दल विचारलं.

त्याचं उत्तर असं होतं. दिवसा क्लायंटचे फोन आणि बदल चालू असतात, म्हणून रेंडर रात्री लावायचा. कार्ड २०१७ मध्ये घेतलेलं, सहा जीबी मेमरीचं. हल्लीच्या कामाला ती मेमरी पुरत नाही आणि रेंडर मध्येच बंद पडतो. तो बंद पडलाय का हे बघायला हा दर दीड तासानं मोबाइलवर गजर लावून उठायचा. झोप मिळायची ती एकूण चार-साडेचार तास, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. अशी झोप महिनोन्‌महिने चालली की रक्तदाब वाढायला हातभार लागतो, हे वैद्यकशास्त्रात पक्कं झालेलं आहे. रात्री रक्तदाब खाली यायला हवा, तो येतच नाही.

गोष्ट इथे संपली नाही. घर २६९ चौरस फुटांचं, पुनर्वसनात मिळालेलं. ज्या खोलीत मशीन, त्याच खोलीत शहात्तर वर्षांची आजी झोपते. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, आणि मे महिन्यात तिला दोनदा चक्कर आली होती. आता हिशेब करा. रेंडर करताना कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून मशीन साधारण २५० वॅट वीज खातं, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे रात्रभर त्या खोलीत आणखी अडीच माणसं बसलेली. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हाताऱ्या माणसांना घाम आणि तहान दोन्ही कमी, वर लघवीची गोळी. चक्कर आली नसती तरच नवल.

नवं कार्ड घेतलं की उष्णता वाढेल, असं त्याला वाटत होतं. पुष्कळांना तसं वाटतं. पण कार्डाचा वॅटचा आकडा एकटा पाहून चालत नाही, ते किती वेळ चालणार हेही बघायला हवं. जीटीएक्स १०६० हे १२० वॅटचं कार्ड. नंतरच्या एका पिढीतलं आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं, आणि त्यानंतरचं आरटीएक्स ४०६० परत ११५ वॅटवर आलेलं. मी त्याला एवढंच सांगितलं, की विकत घेण्याआधी स्वतःची एक फाइल घेऊन मित्राकडच्या नव्या मशीनवर चालवून बघ. त्यानं बघितलं. आपल्याकडे सहा तास लागणारा शॉट तिथे सव्वा तासात झाला. २५० वॅटनं सहा तास म्हणजे दीड युनिट, सव्वा तास म्हणजे युनिटच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. तेवढीच उष्णता आजीच्या खोलीत कमी होणार, आणि रेंडर रात्री लावण्याची गरजच उरणार नाही. जेवायच्या आधी लावला की झोपायच्या आत संपेल.

कार्ड घे, असं मी केसपेपरवर लिहून दिलं नाही. रक्तदाबाची गोळी, मीठ कमी आणि सात तास सलग झोप, एवढंच लिहिलं. कार्ड त्यानं एका कामाचे पैसे आल्यावर घेतलं, बारा जीबी मेमरीचं. तीन महिन्यांनी रक्तदाब १३४/८४ होता. त्याचं श्रेय कार्डाला द्यायला मी तयार नाही. गोळी चालू होती, त्यानं मीठ कमी केलं होतं आणि सिगारेटही सोडली होती. गजर लावायचा मात्र थांबला होता.

आता दुसरी बाजू. जुनं कार्ड घेऊन येणाऱ्या दहा जणांपैकी सगळ्यांचा आजार कार्डात नसतो. नाडी न बघता औषध देऊ नये, तसं दुखणं कुठे आहे हे न बघता कार्ड घेऊ नये. विंडोजमध्ये हे बघायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू यांचे आलेख दिसतात. मशीन अडखळत असेल त्याच वेळी ते बघायचे. जीपीयू शंभराला टेकलेला आणि प्रोसेसर चाळीसवर असेल, तर अडचण खरोखर कार्डात आहे. उलट असेल तर तुम्ही कितीही महागडं कार्ड आणा, ते प्रोसेसरची वाट बघत बसेल. कार्डाच्या मेमरीचा आकडा काठोकाठ भरला असेल, तर वेग असूनही काम अडतं, कारण मग कार्डाला मुख्य मेमरीतून उसनवारी करावी लागते आणि ती फार संथ असते. एक बारकावा: रेंडरचं काम नेहमीच्या थ्री-डी आलेखात नीट दिसत नाही. आलेखाच्या मथळ्यावर क्लिक करून तिथे कुडा निवडावं लागतं.

माझ्या स्वतःच्या घरी २०१७ चं मशीन आहे, त्यात जीटीएक्स १०५० टीआय हे छोटं कार्ड. माझं काम म्हणजे सीडीवर आलेले स्कॅन बघणं, विद्यार्थ्यांसाठी स्लाइड आणि रात्री जुनी नाटकं. मशीन सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागू लागली, तेव्हा भाच्यानं कार्ड बदलायचं सुचवलं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर कार्ड निवांत होतं आणि डिस्क शंभर टक्के. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागलं. त्यात खरा पेच वेगळाच निघाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अशा मशीनमध्ये तीस हजारांचं कार्ड घालणं म्हणजे पाडायला काढलेल्या इमारतीत नव्या टाइल्स लावणं. मी कार्ड घेतलं नाही. पैसे पुढच्या पूर्ण मशीनसाठी बाजूला ठेवले आहेत.

आणि धूळ. आमच्याकडे बांधकाम कधी थांबत नाही. खिडकी उघडी ठेवावी तर सिमेंटची भुकटी, बंद ठेवावी तर फोडणीचा धूर. तेलकट वाफेवर धूळ बसली की कार्डाच्या पंख्याच्या मागे गोधडीसारखा थर तयार होतो. चिपचं तापमान ८०-८५ अंशांवर गेलं की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करतं. लोकांना वाटतं कार्ड म्हातारं झालं. प्रत्यक्षात त्याला दम लागलेला असतो. मशीन बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. पाच-सात वर्षांत चिपवरची पेस्टही वाळते. ती बदलून देणारे मालाड-गोरेगावात आहेत आणि नव्या कार्डापुढे तो खर्च किरकोळ आहे. कॅबिनेट भिंतीला आणि पडद्याला चिकटवून ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको, पण घरोघरी ते तसंच असतं.

डोळ्यांचं काय? बहुतेकांना खरं तर तेवढंच विचारायचं असतं. नव्या कार्डानं डोळ्यांची चुरचूर जात नाही. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्याच्या खाली जातं आणि अश्रूंचा थर सुकतो. एडिटिंगच्या खोलीतल्या एसीनं तो आणखी लवकर सुकतो. कार्ड दोन लाखांचं असलं तरी पापण्या तुम्हालाच मिटायच्या आहेत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. आमच्याकडच्या घरांत वीस फूट लांब भिंतच नसते, म्हणून खिडकीतून मेट्रो बघा. चाळिशीनंतर संगणकासमोर मान दुखत असेल तर बायफोकल चष्मा तपासा. खालच्या भागातून बघण्यासाठी माणूस हनुवटी वर करून बसतो आणि मान धरते. तरुणांमध्ये डोकेदुखीमागे अंगावर काढलेला सिलिंड्रिकल नंबर बऱ्याचदा सापडतो.

चित्र अडखळत असेल तर मात्र त्रास होऊ शकतो. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, तेव्हा काहींना मळमळतं. घाटात गाडी लागते त्याचीच ही उलटी बाजू. व्हीआरचा चष्मा लावून काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो आणि तिथे वेगवान कार्डानं खरा फरक पडतो. साध्या मॉनिटरवर आधी सेटिंग बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो विंडोजमध्ये ६० वर चालवणारे मी पाहिले आहेत. आणि मॉनिटरच ६० हर्ट्झचा असेल तर कार्डानं सेकंदाला दोनशे चित्रं काढली तरी पडदा साठच दाखवणार. मालिका सेकंदाला २५ चित्रांची असते आणि सिनेमा २४ चा, त्यामुळे नुसत्या संकलनासाठी फ्रेमच्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही.

मुलाला फिट येईल का, असंही एका आईनं विचारलं होतं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग बघून सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लुकलुकत होता. दोष होता चित्रातल्या लुकलुकीचा. जुनं कार्ड काढून नवं घातल्यानं तो धोका वाढतही नाही, कमीही होत नाही. घरात कुणाला प्रकाशानं फिट येण्याचा त्रास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

बदलायचंच ठरलं तर दोन गोष्टी तपासून मग ग्रँट रोडला उतरा. पहिली, पॉवर सप्लाय. असेंबल केलेल्या स्वस्त मशीनमध्ये कार्डाला रेटून वीज देऊ न शकणारा एसएमपीएस असतो. तो बदलायचा खर्च आधीच धरा, नाहीतर नवं कार्ड भर कामात मशीन बंद पाडेल. दुसरी, तुमच्या जुन्या कार्डाला कंपनीचा आधार किती उरला आहे. एनव्हिडियानं १०६० च्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे घाबरून उद्याच बदलायची गरज नाही. पण तुमच्या रेंडरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुनं कार्ड ओळखत नसेल, तर मुदत त्याआधीच संपली असं समजा.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सेकंडहँड कार्डं स्वस्तात मिळतात. त्यांतली काही आभासी चलनाच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली असतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनं आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं खाणकाम एका दिवसात थांबलं आणि जगभर अशी कार्डं बाजारात ओतली गेली. राबलेलं कार्ड मेलेलंच असतं असं नाही. आधी पंखे आणि पेस्ट जातात. दुकानात अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगा, तापमान बघा, पंख्याची घरघर ऐका, स्क्रूवर ओरखडे आहेत का ते पाहा आणि बिल मागा. दुकानदार चालवून दाखवायला नाही म्हणाला तर शेजारी दुसरं दुकान आहे.

काढलेलं कार्ड चालू असेल तर शाळा-कॉलेजच्या मुलाच्या मशीनला अजून बरीच वर्षं पुरतं. फक्त यूट्यूबचे काही व्हिडिओ आता एव्ही१ या पद्धतीत येतात. १०६० ला ते उलगडता येत नाही, मग तो भार प्रोसेसरवर पडतो. बंद पडलेलं असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. सर्किट बोर्ड जाळून तांबं काढलं जातं, तेव्हा त्या धुरात शिसं आणि डायॉक्सिन असतात, आणि तो धूर घेतात ते जाळणारे आणि आसपास खेळणारी त्यांची मुलं. शिशाचा सर्वाधिक परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. सोसायटीत ई-कचरा गोळा करायचा दिवस असतो, तोवर कार्ड पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलं तरी चालेल. सोबत जुना एसएमपीएसही द्या, पण आत काय आहे म्हणून तो उघडून बघू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.